बाहुलीचा हौद आणि पुण्याच्या इतर खुणा

१

पुण्याविषयी लिहिणाऱ्यांना आणि बोलणाऱ्यांना या शहरातल्या देवांच्या नावांचे फार कौतुक आहे. जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, सोन्या मारुती, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, गुपचूप गणपती! बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला ही नावे ऐकवायची, तो हसला की आपणही हसायचे आणि 'हे असे आमचे पुणे' म्हणून त्याला पुढच्या देवळाकडे न्यायचे, अशी एक रीतच पडून गेली आहे. आता तर जुन्या शहरातून हौशी मंडळींच्या फेऱ्या निघतात. गल्लीबोळांतली छोटी देवळे, वाड्यांचे दिंडी दरवाजे, त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवर साखळदंडाने जखडलेला गेंडा आणि त्याच्याभोवतीचे गोरे शिपाई, कात्रजहून आलेल्या नळाचे उच्छ्वास, असे पुष्कळ काही दाखवले जाते. शहराच्या मोठ्या वास्तूंपेक्षा अशा लहान खुणाच जास्त बोलतात, हे खरे आहे आणि म्हणून या छंदाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. या खुणा बोलतात, पण त्यांना काय विचारले जाते?

पासोड्या विठोबाचेच उदाहरण घ्या. देवळासमोर पासोड्यांचा बाजार भरे म्हणून देव पासोड्या झाला. पत्रावळीची पाने जिथे विकायला येत तिथला मारुती पत्र्या झाला. जिलबीवाल्याच्या शेजारचा मारुती जिलब्या झाला. म्हणजे ही नावे कोणा शास्त्रीबुवांनी ठेवलेली नाहीत. ती बाजाराने ठेवली. सूत कातणाऱ्यांनी, पासोडी विणणाऱ्यांनी, रानातून पाने तोडून आणणाऱ्यांनी आणि डोक्यावरच्या पाटीतून ती विकणाऱ्यांनी आपल्या धंद्याचे नाव देवाला चिकटवले. शहराच्या स्मरणात त्यांच्या श्रमाची एवढीच नोंद राहिली आणि तीही गंमत म्हणून. देवाला नाव देणारा माणूस कोणत्या जातीचा होता, तो देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत जाऊ शकत होता, संध्याकाळी कोणत्या पेठेत परत जात होता आणि तिथे कोणते पाणी पीत होता, हे प्रश्न त्या गमतीत बसत नाहीत. ते विचारले की गंमत संपते आणि इतिहास सुरू होतो.

या लेखात पुण्यातल्या अशाच काही लहान खुणा या प्रश्नांसह वाचण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातल्या काही दगडाच्या आहेत, काही केवळ जागेच्या नावात उरल्या आहेत, आणि एक तर अगदी अलीकडे नाहीशी झाली आहे.

२

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या समाजाला दगडावर नाव कोरण्याचा अधिकार नव्हता, त्या समाजाच्या खुणा केवळ दगडांत शोधून सापडणार नाहीत. पेशवाईच्या काळात महार-मांगांना सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर पुण्याच्या वेशीच्या आत येण्यास मनाई होती, अशी नोंद जातिसंस्थेवरील ग्रंथांत आहे. गो. स. घुर्ये यांनीही आपल्या १९३२ सालच्या ग्रंथात ती दिली आहे. कारण साधे होते. त्या वेळी ऊन तिरपे असते, माणसाची सावली लांब पडते आणि ती उच्चवर्णीयाच्या अंगावर पडण्याचा संभव वाढतो. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके आणि पाऊल उमटू नये म्हणून कमरेला झाडाची फांदी किंवा झाडू, याचा उल्लेख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदनावरील आपल्या निबंधात पुण्याचे नाव घेऊन केला आहे.

या व्यवस्थेचा खरा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. अस्पृश्याने शहरात खूण सोडू नये, हाच तिचा हेतू होता. पाऊल उमटले तर ते मागच्या मागे पुसायचे, थुंकी पडली तर ती गळ्यातच बाळगायची, सावली पडू द्यायची नाही. शहरात यायचे, शहराची घाण काढायची, मेलेली ढोरे ओढायची, निरोप न्यायचे, राखण करायची आणि आपण आलो होतो याचा मागमूसही मागे ठेवायचा नाही. तेव्हा जुन्या पुण्यात 'तुमच्या खुणा कुठे आहेत?' असे आम्हाला जे विचारतात, त्यांना याचे उत्तर देता येते: आमच्या खुणा पुसण्याचे काम आमच्याच कमरेला बांधले होते.

आज कुंभार वेस, नगर वेस ही नावे लोकांच्या तोंडी आहेत. वेशीचे दरवाजे गेले, नाव उरले. हे नाव उच्चारताना त्या वेशीपाशी उन्हाची तिरीप कलंडण्याची वाट पाहत थांबलेला माणूस डोळ्यांपुढे यायला हवा. वेस ही त्याच्यासाठी शहराची शोभा नव्हती. ती त्याच्या दिवसाची मोजपट्टी होती.

३

आता पाण्याकडे येऊ. पुण्याचे हौद ही या शहराची खास खूण आहे. नानासाहेब पेशव्याने अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजच्या डोंगरातले पाणी अडवून दगडी बांधणीच्या भुयारी नळातून शहरात आणले. मधूनमधून हवा खेळावी म्हणून त्या नळावर उच्छ्वास बांधले आणि पेठांतून हौद काढले. सरदार-सावकारांनीही आपल्या नावाचे हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे अजून पुणेकरांच्या पत्त्यांत येतात. त्या काळातली ही स्थापत्याची मोठी करामत होती, हे नाकारण्याचे कारण नाही.

पण पाणी डोंगरातून शहरापर्यंत चार कोस चालत आले, तरी हौदाच्या काठापासून अस्पृश्याच्या मडक्यापर्यंतचे चार हात अंतर ते ओलांडू शकले नाही. तो अभियंत्यांचा दोष नव्हता. ती समाजाची रचना होती. नळ खणायला, दगड वाहायला, चुना मळायला ज्या जातींचे हात लागले असतील, त्यातल्या कित्येकांना त्याच पाण्यात भांडे बुडवण्याचा अधिकार नव्हता. कोणी वरून ओतले तर घ्यायचे, नाहीतर नदीनाल्यावर जायचे.

ही रचना पुण्यात पहिल्यांदा कोठे मोडली? त्याची खूण गंज पेठेत आहे. या पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६८ साली आपल्या घराच्या आवारातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. याच सालात ना. वि. जोशी यांचे 'पुणे शहराचे वर्णन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. हा निव्वळ योगायोग आहे, पण तो विचार करायला लावतो. त्या एका वर्षात पुण्यात दोन नोंदी झाल्या, एक कागदावर आणि एक पाण्यावर. शहराचा इतिहास म्हणजे कागदावरची नोंद असे आपण शाळेत शिकलो. पाण्यावरच्या नोंदीला इतिहास म्हणायला फार काळ जावा लागला.

फुल्यांचे घर १९७२ साली राज्य शासनाने संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केले. आज समता भूमी म्हणून लोक तिथे जातात, समाधीवर फुले वाहतात. जावे, अवश्य जावे. पण जाणाऱ्या प्रत्येकाने त्या आवारात हौदापाशी उभे राहून एक हिशेब करावा. १८६८ ते १९२७, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहापर्यंत, एकोणसाठ वर्षे होतात. मधे १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव झाला, महाड नगरपालिकेनेही तो मान्य केला आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले. एका माणसाने आपल्या घरचा हौद उघडणे आणि समाजाने आपले तळे उघडणे यांत किती अंतर असते, हे ती एकोणसाठ वर्षे सांगतात. फुल्यांचा हौद हा खाजगी होता आणि म्हणूनच तो एका दिवसात उघडता आला. सार्वजनिक म्हणवणारे पाणीच तेवढे बंद होते!

या दोन घटनांच्या मधे आणखी एक हौद आहे आणि तो पुण्याच्या गमतीदार नावांच्या यादीत नेहमी येतो. बाहुलीचा हौद. बुधवारात फरासखान्याच्या कोपऱ्यावरचा. नाव ऐकून लहान मुलांच्या खेळाची आठवण व्हावी असा. त्यामागची हकीकत मात्र खेळाची नाही.

डॉ. विश्राम रामजी घोले हे गवळी समाजातून आलेले नामांकित शस्त्रवैद्य आणि सत्यशोधक समाजाच्या आघाडीच्या मंडळींपैकी एक. जोतीरावांचे ते सहकारी होते आणि त्यांच्या अखेरच्या आजारात वैद्यही होते. शिवाजीनगरच्या घोले रस्त्याला त्यांचेच नाव आहे, हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. त्यांची मुलगी काशीबाई, घरातली लाडाची बाहुली. स्वतः मुलींच्या शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या या गृहस्थाने आपल्या मुलीलाही लिहावाचायला शिकवले. ती १८७७ साली, जेमतेम आठ वर्षांची असताना वारली. मुलगी शिकते याचा राग येऊन आप्तांपैकीच कोणी तिला काचा घातलेला लाडू दिला, अशी कथा पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १८८० साली डॉ. घोले यांनी तिच्या स्मरणार्थ हा हौद बांधला आणि तो सर्व जातींच्या लोकांसाठी खुला केला.

काचेच्या लाडवाची कथा ऐकून माणूस हळहळतो आणि पुढे जातो. पण डॉ. घोले यांनी काय केले, ते पाहा. पोटची मुलगी गेल्यावर त्या काळच्या श्रीमंत माणसाने काय केले असते? देऊळ बांधले असते, ब्राह्मणभोजन घातले असते, घाटावर दानधर्म केला असता. घोल्यांनी पाणी दिले, आणि देताना जातीची अट काढून टाकली. मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आणि अस्पृश्यांच्या पाण्याचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, ज्या व्यवस्थेने एक अडवला तिनेच दुसरा अडवला आहे, हे सत्यशोधकी ज्ञान त्या चार दगडांत आहे. आमच्या चळवळीत स्त्रीप्रश्न आणि जातिप्रश्न यांचा परस्परसंबंध काय, यावर आपण अनेक परिसंवाद घेतले. त्या परिसंवादांना जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आधी बुधवारातल्या या कोपऱ्यावर नेले असते, तर निम्मे काम झाले असते.

४

गंज पेठेत फुले वाड्याच्या परिसरात दुसरी एक खूण आहे, लहुजी साळवे यांची तालीम. तालमी पुण्यात पुष्कळ. गणेशोत्सवात त्यांची नावे मानाने घेतली जातात. पण या तालमीचे महत्त्व कळण्यासाठी आधी गुलटेकडीला जावे लागते.

गुलटेकडी म्हणजे आजचे मार्केट यार्ड. भाजीपाला, धान्य, हमाल-माथाड्यांची धावपळ आणि मालमोटारींची रांग. तिथे पाहण्यासारखी जुनी वास्तू नाही, म्हणून शहरफेऱ्या तिकडे वळत नाहीत. परंतु मराठी गद्यातल्या एका अत्यंत महत्त्वाच्या लेखात या जागेचे नाव आले आहे. फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेली मांग समाजातली मुलगी मुक्ता हिने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. बाजीरावाच्या राज्यात एखादा मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत असत, असे ती त्यात सांगते. मोठमोठ्या इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत, हेही ती सांगते. आपल्या वाडवडिलांकडून ऐकलेले ती लिहीत होती. बाजीरावाचे राज्य १८१८ साली गेले, म्हणजे तिच्या घरातली म्हातारी माणसे तो काळ डोळ्यांनी पाहिलेली होती.

हा निबंध आपण दलित साहित्याचा आरंभ म्हणून, स्त्रीच्या विद्रोही लेखनाचा आरंभ म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण तो शहराचा नकाशा म्हणूनही वाचला पाहिजे. त्यात तालीमखाना आहे, मैदान आहे, इमारतींचे पाये आहेत. इतिहासकारांनी पुण्याची वर्णने केली ती वाड्याच्या सज्जातून, नगारखान्यावरून, चौकातल्या कारंजापासून. मुक्ताने शहर पाहिले ते पायापासून. वाड्याला किती मजले होते हे बखरकार सांगतो. पायात कोण होते हे ती मुलगी सांगते. कोणाची साक्ष जास्त मोलाची, हे वाचकांनी ठरवावे.

आता गंज पेठेतल्या तालमीकडे परत या. लहुजी साळवे यांचा जन्म १७९४ सालचा, पुरंदरच्या पायथ्याशी. पेशवाई बुडाल्यानंतर थोड्याच वर्षांत या मांग वस्तादाने पुण्यात स्वतःची तालीम उभी केली. ज्या शहरात तालीमखान्यापुढून जाणे हा मांगाचा अपराध होता, त्याच शहरात एका मांगाने तालीम काढावी आणि इतर जातींच्या पोरांनी तिथे येऊन त्याला वस्ताद म्हणून मुजरा करावा, ही गोष्ट लहान नाही. जोतीराव फुले दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले ते या वस्तादापाशी. पुढे जोतीरावांनी शाळा काढल्या तेव्हा महार-मांगांची मुले त्या शाळांकडे वळवण्यात लहुजींनी त्यांना साथ दिली. १८८१ साली लहुजी वारले. त्यांची समाधी संगमवाडीला आहे.

गुलटेकडी आणि गंज पेठ या दोन ठिकाणांत फार अंतर नाही. माणूस रमतगमत पायी जाऊ शकतो. त्या वाटेने एकदा विद्यार्थ्यांना घेऊन चालावे. एका टोकाला आपल्या माणसाच्या मस्तकाचा चेंडू झाला होता आणि दुसऱ्या टोकाला आपल्या माणसाने इतरांना हात कसा उचलावा ते शिकवले. आपला इतिहास केवळ अत्याचारांची जंत्री नाही आणि केवळ पराक्रमांची पोवाडाही नाही. या दोहोंमधली जी वाट आहे ती आपला इतिहास आहे.

५

विश्रामबागवाडा सर्वांच्या माहितीचा आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला, सुरूच्या लाकडी नक्षीच्या खांबांसाठी प्रसिद्ध. पेशवाई गेल्यावर १८२१ साली इंग्रजांनी इथेच संस्कृत पाठशाळा काढली. तिचा खर्च पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून होई आणि प्रवेश ब्राह्मणांपुरता होता. राज्य बदलले तरी विद्येचे दार कोणासाठी उघडे आणि कोणासाठी बंद हे बदलले नव्हते. नव्या सरकारने जुनीच कुलपे नव्या पैशाने घडवून दिली.

त्याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारतर्फे जोतीराव फुले यांचा शालजोडी देऊन सत्कार झाला, मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शिक्षणाबद्दल. दक्षिणेच्या पैशावर चालणाऱ्या संस्कृत पाठशाळेच्या वास्तूत एका माळ्याला महारा-मांगांची पोरे शिकवल्याबद्दल शाल दिली गेली! वाड्याची नक्षी पाहणाऱ्यांनी हा प्रसंगही पाहावा. त्यात इंग्रज सरकारच्या धोरणाचे दुटप्पी रूप जसे दिसते, तसेच एका वास्तूचा अर्थ बदलण्याची शक्ती माणसाच्या कृतीत असते, हेही दिसते.

विश्रामबागवाड्यापासून पूर्वेला थोडे चालत गेले की भिडे वाड्याची जागा येते. जागा म्हणावे लागते, कारण वाडा आता नाही. १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली ती तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात. पुढे कित्येक वर्षे वाडा मोडकळीला येत गेला. दुकाने होती, कज्जे होते, आंदोलने होती, आश्वासने होती. समोर दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाची रांग असे आणि रांगेतल्या फार थोड्यांना पाठीमागच्या पडक्या भिंतीत काय घडले ते ठाऊक असे. शेवटी २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागला आणि डिसेंबरच्या आरंभी एका रात्रीत उरलेला वाडा पाडून जागा मोकळी करण्यात आली. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हावयाचे, असा शासनाचा निर्णय आहे.

स्मारक व्हावे ही चळवळीचीच मागणी होती, त्यासाठी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे झगडा दिला. त्या झगड्याचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु एक विचार मांडणे अवश्य आहे. खूण आणि स्मारक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खूण वाचावी लागते, स्मारकाला हार घातला की भागते. शनिवारवाड्याचे तट, पर्वतीच्या पायऱ्या, सरदारांचे वाडे जतन झाले ते दगडासकट. आपल्या वाट्याला जे आले ते दगड जाऊन उरलेली जागा. प्रस्थापितांच्या वास्तू जुन्या होतात तेव्हा त्या वारसा ठरतात, आपल्या जुन्या होतात तेव्हा त्या धोकादायक ठरतात. जिथे सावित्रीबाई रोज जात, ती लाकडी पायरी, तो उंबरठा, ती अंधारी खोली एकशेपंचाहत्तर वर्षांनंतर तशीच दाखवता आली असती, तर शाळकरी पोरीला त्यातून जे कळले असते ते संगमरवरी पाटीवरून कळेल काय? म्हणून स्मारक जेव्हा उभे राहील तेव्हा त्यात मूळ वाड्याचा आराखडा, वर्गाची जागा आणि वाडा कसा पडत गेला याचीही हकीकत असावी, असा आग्रह आपण आतापासून धरला पाहिजे. वाडा का टिकला नाही, हाही शिक्षणाच्या इतिहासाचाच भाग आहे.

६

शेवटची खूण पर्वतीच्या पायथ्याची. नानासाहेब पेशव्याने टेकडीवर देवदेवेश्वराचे देऊळ बांधले आणि पायथ्याशी रमणा उभारला. रमणा म्हणजे कोटबंद पटांगण. श्रावणात देशोदेशीचे ब्राह्मण जमत, त्यांना आत घेऊन दक्षिणा वाटली जाई. रमण्याचे नाव अजून त्या भागात ऐकू येते.

याच पायथ्याशी १३ ऑक्टोबर १९२९ रोजी दुसऱ्या प्रकारचे लोक जमले. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारखे अस्पृश्यांचे पुढारी आणि त्यांच्या बरोबरीने एस. एम. जोशी, न. वि. गाडगीळ यांच्यासारखे स्पृश्य तरुण. त्यांना दक्षिणा नको होती. देवळाचे दार सर्वांना उघडे व्हावे एवढेच त्यांचे मागणे होते. दार बंद करण्यात आले आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. सत्याग्रह पुढे काही महिने चालला, दार मात्र उघडले नाही. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा लढा सुरू झाला, त्याच्या आधीची ही पायरी. पर्वतीच्या पायऱ्या मोजणारे पुष्कळ आहेत. या पायरीची मोजदाद त्यांच्या हिशेबात नसते.

शिवराम जानबा कांबळे हे नाव तर नव्या पिढीला मुद्दाम सांगावे लागेल. १९०८ साली त्यांनी पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले, मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध लढा दिला, महारांना सैन्यात पुन्हा घ्यावे म्हणून सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या विजयस्तंभाला आले, त्यामागेही त्यांचा पुढाकार होता. आज लाखो लोक कोरेगावला जातात. जाताना त्यातले पुष्कळ पुण्यातूनच जातात. त्या वाटेवर या माणसाच्या पुण्यातल्या कार्याची आठवण देणारी एखादी साधी पाटी असावी, एवढी अपेक्षा गैर नाही. नाना पेठेत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निराश्रित साह्यकारी मंडळीचा अहिल्याश्रम आहे. तुकोजीराव होळकरांच्या साहाय्याने उभी राहिलेली ही वास्तूही अशीच, ज्यांना ठाऊक त्यांनाच ठाऊक.

७

या सगळ्या खुणा एका मोठ्या नकाशाचे तुकडे आहेत. पाणी, विद्या, शस्त्र, देऊळ आणि वाट ही पाच दारे होती आणि पाचही बंद होती. प्रत्येक दारापाशी कोणीतरी उभे राहिले. कोणी हौद उघडला, कोणी पाठशाळा काढली, कोणी तालीम घातली, कोणी पायऱ्यांवर दगड झेलले. अस्पृश्याने शहरात खूण सोडू नये म्हणून ज्यांनी मडके आणि झाडू बांधला, त्यांच्या त्या योजनेचा पराभव या लहान लहान जागांनी केला आहे.

तेव्हा हे काम आता आपल्याला पद्धतशीर करावे लागेल. शिक्षकांनी सहल काढताना वाड्यांबरोबर हौदही दाखवावेत आणि 'हे पाणी कोणासाठी होते?' हा प्रश्न मुलांकडूनच विचारून घ्यावा. विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बसते करून जुने पाणवठे, जुन्या चावड्या, जुन्या शाळा, सभा भरलेली पटांगणे यांची हकीकत लिहून घ्यावी. नाव, जागा, साल, सांगणाऱ्याचे वय, सगळे. कथा आणि पुरावा यांची गल्लत होऊ देऊ नये. कथा असेल तर कथा म्हणून लिहावी, कागद असेल तर कागद दाखवावा. कार्यकर्त्यांनी जयंती-पुण्यतिथीच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून अशा प्रत्येक जागी चार ओळींची पाटी लावावी, आणि नगरपालिकेकडे तसा रीतसर अर्ज करावा. अर्ज नामंजूर झाला तर तो नामंजुरीचा कागदही जपून ठेवावा. तोही उद्याच्या इतिहासाचे साधन आहे.

हे पुण्यापुरतेही नाही. सातारा, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, पूर्वी औरंगाबाद असलेले आणि आता छत्रपती संभाजीनगर झालेले शहर, कोणतेही जुने गाव घ्या. वेस, पाणवठा, चावडी, तालीम आणि शाळा या पाच जागा तिथे असणारच. त्यांच्यापाशी जावे आणि कोण आत होते, कोण बाहेर होते, आणि बाहेरचा आत कधी आला, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे लिहून ठेवावीत.

आणि पुण्यात आल्यावर जिलब्या मारुतीलाही जरूर जावे, नावाची गंमत घ्यावी. फक्त तिथून पुढे बाहुलीच्या हौदापर्यंत चालत जावे. ते अंतर फार नाही.